माळावरची घोडी

बुलढाणा जिल्ह्यात जंगली घोडे नाहीत. हा संग्रह हातात घेणाऱ्याला हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेले बरे, कारण मुखपृष्ठ पाहून तसा समज होण्याचा पुरेपूर संभव आहे. पाऊस नुकताच सरलेला, गुडघाभर वाढलेले पवन्या गवत, मागे अजिंठ्याच्या रांगेची निळसर कड आणि त्या गवतात पाच-सहा घोडी. अंगावर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही, नजर पोहोचेल तिथवर माणूस नाही. असे दृश्य दिसले की आपल्या डोक्यात लगेच 'मुक्त', 'स्वच्छंद', 'वाऱ्याशी स्पर्धा करणारे' वगैरे शब्द गर्दी करतात. या छायाचित्रांना मथळे देताना ते सगळे शब्द बाजूला ठेवले आहेत, ही या संग्रहाची मला आवडलेली पहिली गोष्ट.

घोडी धनगरांची आहेत. एकूण एक. प्रत्येकीला मालक आहे, बहुतेकींना नाव आहे आणि दिवस मावळायच्या आत त्यांना कुठे परतायचे आहे तेही ठरलेले आहे.

छायाचित्रकार माझा जुना मित्र. त्याचे नाव मुखपृष्ठावर आहेच, तेव्हा त्याच्या गुणगौरवात पाने घालवत नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्याने विषयाची ओळख करून द्यावी, चित्रांचे कौतुक वाचकावर सोडावे, अशा मताचा मी आहे. आणि हा विषय ओळख करून देण्याजोगा आहे, कारण जिल्ह्यात राहणाऱ्यांनीही तो रस्त्याच्या कडेलाच पाहिलेला असतो. एसटी घाटात अडते, मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडतो, मागून दोन-तीन तट्टे बिऱ्हाड घेऊन जातात, एखाद्या तट्टावर भांड्यांच्या वर कोंबडी आणि कोंबडीच्या शेजारी मूल बांधून बसवलेले असते. गाडी सुटली की आपण मोबाइलमध्ये डोके घालतो.

*

जिल्ह्याबाहेरच्या वाचकासाठी थोडा भूगोल. बुलढाण्याची माणसे आपल्या मुलखाचे दोन भाग करतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. मधे अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरली आहे. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूरचा घाट लागतो, खामगावकडे उतरताना बोथ्याचा. उत्तरेला, पूर्णेचे काळे खोरे ओलांडले की सातपुडा उभा. एका जिल्ह्यात दोन डोंगररांगा आणि त्यांच्या मधे कापसाची जमीन, अशी ही रचना आहे. पैनगंगा इथेच, बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावते आणि पाठ फिरवून आग्नेयेला निघून जाते. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा मात्र उत्तरेला घाट उतरून पूर्णेला मिळतात.

बाहेरचा छायाचित्रकार या जिल्ह्यात येतो तो लोणारसाठी. ते साहजिक आहे. काळ्या पाषाणात अशनी आदळून झालेले जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, आत खारे सरोवर, काठाने मोडकी देवळे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी ते छापले, त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. लोणारची उत्तम छायाचित्रे भरपूर आहेत. जो माळ तुडवत आपण लोणारला पोहोचतो, त्या माळाची मात्र फारशी नाहीत. या संग्रहात लोणारचे एकही छायाचित्र नाही, आणि ते मुद्दाम आहे.

या डोंगरांची माती पातळ. सपाटीवर काळी कसदार जमीन, पण उतारावर हातभर खणले की मुरूम आणि खाली बेसॉल्टचा थर. त्यामुळे उतारावर साग, सालई, धावडा, अंजन, पळस असे कोरड्या प्रदेशातले झाड आणि जिथे झाड धरत नाही तिथे गवत. कुसळी, पवन्या, मारवेल. पेरणीलायक नसलेली ही जमीन सरकारी कागदोपत्री पडीक समजली जाते. मेंढपाळाच्या हिशेबात तिच्याइतकी कामाची जमीन दुसरी नाही.

मेंढपाळाचे वर्ष असे चालते. पावसाळ्यात घाटावर-घाटाखाली सगळीकडे सोयाबीन, कपाशी, तूर उभी. शेतात मेंढरू शिरले तर भांडण. म्हणून मेंढ्या डोंगरउतारावर आणि गायरानात. दसरा-दिवाळीला सोयाबीन निघाले की शेते उघडी पडतात. मग शेतकरीच बोलावणे धाडतो. मेंढ्या शेतात बसवायच्या, रात्रभर त्यांच्या लेंड्या आणि मूत जमिनीला मिळायचे, त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे. कपाशीची शेवटची वेचणी उरकली की पऱ्हाटीवर चराई. उन्हाळ्यात पाण्याच्या आसऱ्याने, पाझर तलावांच्या, नदीच्या कडेने. या काळात धुळे-नंदुरबारकडचे मेंढपाळही पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात, आणि मोठाल्या गायी व उंट घेऊन काठेवाडीही. दर काही दिवसांनी वाडा हलतो. वाडा म्हणजे धनगरांचा मुक्काम : पाल, वाघूर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, भांडी, जात्याचा दगड असला तर तोही, नुकती जन्मलेली कोकरे. हे सगळे वाहायला घोडी लागते. बैलगाडी या उतारांवर चालत नाही.

म्हणजे घोडीचे काम महिन्यातून काही दिवसांचेच, मुक्काम हलतो तेवढे. उरलेला वेळ तिला पोसायचे कसे? धनगर तिला वैरण विकत घेऊन घालत नाही. तो तिला सोडतो. वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, कधी दोन-दोन टेकड्या पलीकडे, ती स्वतःचे पोट स्वतः भरते. मित्राच्या कॅमेऱ्यात जे 'रानात मोकळे फिरणारे घोडे' आले आहेत ते हे, दोन मुक्कामांच्या मधली सुट्टी भोगणारे.

ती पळून का जात नाहीत, हा प्रश्न कुणालाही पडेल. मोताळ्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या मेंढपाळाला तो विचारला, तेव्हा त्याने हसून लांबवर हात केला. "येक बांधली का बाकीच्या कुठी जात नाईत, भाऊ." खरेच, सगळ्यांत वयस्क घोडी तेवढी लांब दाव्याला होती. कळप तिच्याभोवती चरत होता. घोड्यांच्या कळपाची वाट बरेचदा थोराड घोडी ठरवते, असे प्राणिशास्त्रज्ञांनी नोंदवलेले आहे. धनगराने त्या ज्ञानाचा उपयोग दोराची बचत करायला केला आहे. कुठे शिंगरू बांधतात आणि आईला सोडतात. कुठे पुढच्या दोन पायांना पायबंद असतो. असे जनावर उड्या मारत मारत चरते, लांब जात नाही.

*

आता जगातल्या मोकळ्या घोड्यांकडे वळू, कारण या छायाचित्रांची तुलना त्यांच्याशी होणारच. घोड्यांची छायाचित्रे म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते अमेरिकेच्या पश्चिमेकडले मस्तंग, नाहीतर कॅनडाच्या किनाऱ्याबाहेर सेबल बेटावरचे घोडे. मस्तंगांच्या संरक्षणासाठी अमेरिकेने १९७१ मध्ये खास कायदा केला. पण तेही मूळचे रानटी नव्हेत. अमेरिकेतला मूळचा घोडा हिमयुगाच्या अखेरीस नाहीसा झाला. आज तिथे दिसतो तो स्पॅनिश लोकांनी जहाजातून आणलेल्या आणि पुढे सुटलेल्या घोड्यांचा वंश. मंगोलियाचा ताखी घोडा त्यातल्या त्यात रानटी म्हणावा असा, तोही १९६० च्या दशकाच्या अखेरीस रानातून संपला होता. प्राणिसंग्रहालयांतल्या मूठभर जनावरांपासून वाढवून १९९२ पासून तो परत गवतात सोडला गेला. आपल्याकडे आसाममध्ये दिब्रू-सैखोवाच्या बेटांवर घोड्यांचे कळप आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांतून सुटलेल्या घोड्यांचे ते वंशज मानले जातात. नर्मदेच्या खोऱ्यात लाखो वर्षांपूर्वीच्या घोड्याचे जीवाश्म सापडले आहेत, पण त्याचे आजच्या तट्टाशी नाते जोडायला जाऊ नये.

थोडक्यात, जगात जिथे जिथे 'मुक्त' घोडा आहे तिथे मागे कुठेतरी माणूस आहे : सोडून गेलेला, मेलेला, हरलेला किंवा परत आणून सोडणारा. बुलढाण्याच्या माळावर तो माणूस अजून जिवंत आहे आणि टेकडीमागे भाकरी खात बसला आहे, एवढाच फरक. मला तो फरक फार मोलाचा वाटतो.

या मुलखाला घोडा नवा नाही. 'आइन-ए-अकबरी'त वाशीमच्या सरकारात हटकरांचा उल्लेख येतो : मानी, कुणाला न जुमानणारे लोक, हजार घोडेस्वार आणि पाच हजार पायदळ बाळगणारे. हे हटकर म्हणजे लोणार-मेहकरच्या पट्ट्यात आजही असलेल्या धनगरांचीच एक शाखा. सिंदखेडचे जाधवराव घराणे घोड्याच्या पाठीवर मोठे झाले; जिजाऊंचा जन्म तिथला. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढताना आर्थर वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा गोळीने गेला आणि दुसऱ्याला, डायोमेडला, भाला लागला. इतिहासात त्या अरबी घोड्याचे नाव राहिले. मराठी फौजेच्या पोटापाण्याचे ओझे वाहणाऱ्या हजारो तट्टांपैकी एकाचेही राहिलेले नाही. दख्खनी तट्टाबद्दल इंग्रज लेखकांनी 'कुरूप पण चिवट' अशा अर्थाचे पुष्कळ लिहिले आहे; कुरूप हा त्यांच्या डोळ्यांचा दोष.

या तट्टाला शास्त्रीय ओळख मिळाली ती अगदी अलीकडे. भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने केली. भीमा-नीरेच्या खोऱ्यांत ही जात जपली कुणी, तर धनगरांसारख्या भटक्या पशुपालकांनी. बुलढाण्याच्या माळावरची घोडी शुद्ध भीमथडी आहेत असा दावा मी करणार नाही. इथे सरमिसळ आहे. पण बांधा तोच : बेताची उंची, भक्कम खूर, दगडधोंड्यांत न डगमगणारी चाल, निकृष्ट चाऱ्यावर तग धरणारे पोट. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला जो उंच, कमानदार मानेचा, ढोलकीवर नाचणारा घोडा लाखांत विकला जातो, त्याच्या शेजारी हिला उभे केले तर कुणी ढुंकून पाहणार नाही. या घोडीला माळावरच पाहावे.

*

छायाचित्रणाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुस्तक पाहून अनेक जण कॅमेरा घेऊन निघतील.

घोड्याचे छायाचित्र आणि हालचालीचे छायाचित्र यांचा जन्म जवळपास एकत्र झाला. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने लावले आणि घोडी धावत गेली तशी एकामागून एक चित्रे घेतली. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, हा वाद होता. सुटतात. पण चित्रकार शतकानुशतके दाखवत आले तसे पुढे-मागे फाकलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. युरोपातल्या चित्रकारांची यामुळे पंचाईत झाली. आपल्याकडे गावोगावच्या वीरगळांवर घोडा ज्या ऐटीत उभा आहे तो तसाच राहिला, त्याला कुणी दुरुस्त करायला गेले नाही, हे चांगलेच झाले.

आता एका सेकंदात वीस चौकटी टिपणारा कॅमेरा गावच्या पोराकडेही असतो. धावता घोडा पकडणे ही करामत उरलेली नाही. आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीच्या रिंगणात स्वाराविना धावणाऱ्या अश्वाचे छायाचित्र दर वर्षी हजारो जण काढतात आणि त्यांतली शेकडो चांगली निघतात. या संग्रहात धावणारी घोडी फार थोडी आहेत. कारण साधे आहे : चरायला सोडलेली घोडी धावत नाही. ती धावत असेल तर तिला कुणीतरी उधळवले आहे, आणि बहुधा तो कॅमेरावालाच असतो. अंगावर ड्रोन आणून कळप पळवायचा आणि वरून त्याची चित्रे घ्यायची हा प्रकार हल्ली फार बोकाळला आहे. गाभण घोडी उतारावर घसरली, पायबंदासकट पळताना जनावर तोंडावर पडले, तर त्याची भरपाई लाइकमध्ये होत नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. नाकासमोरचा थोडा भाग आणि बरोबर मागचा भाग तेवढा सुटतो. म्हणून मागून चोरपावलांनी जाणे हा लाथ खाण्याचा खात्रीचा मार्ग. लपून बसणेही फुकट, तुम्ही तिला दिसला आहातच. मित्राची रीत वेगळी. तो उघड्यावर, खांद्याच्या रोखाने, तिरका-तिरका, मधेमधे थांबत, दुसरीकडे बघत जातो. घोडीचे कान सांगतात. एक कान तुमच्याकडे आणि एक गवताकडे असेल तोवर ठीक. दोन्ही कान वळले, मान उंचावली, चघळणे थांबले की जागच्या जागी उभे राहायचे. ती पुन्हा चरू लागली की पुढे. कधी कधी या प्रकारात सगळी सकाळ जाते आणि हाती काहीच लागत नाही. पण कळपाने एकदा का तुम्हाला माळाचा भाग मानले की मग लोळणारी, एकमेकींची आयाळ दातांनी खाजवणारी, उभ्याने डुलक्या घेणारी घोडी दिसू लागतात. घोडा उभ्याने झोपू शकतो, पायांचे सांधे अडकवून ठेवण्याची सोय निसर्गाने केली आहे. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवे व्हावे लागते आणि ते तो आसपास भीती नसेल तरच होतो, तेही दुसरे एखादे जनावर जागे असताना. पुस्तकात एक दुहेरी पान आहे : तीन घोडी आडवी, चौथी उभी. जो कोणी घोडा ओळखतो तो त्या पानावर थांबेल. कॅमेरा हातात घेतलेला माणूस तीस पावलांवर असताना हे घडले आहे.

प्रकाशाबद्दल. इथला उन्हाळा छायाचित्रकाराच्या कामाचा नाही. मार्चपासून दुपारी माळ पांढरा पडतो आणि काळ्या दगडातून झळा उठतात. सर्वांत चांगले दिवस भाद्रपद उतरणीपासून मार्गशीर्षापर्यंतचे. आधी गवत हिरवे, मग तांबूस, मग पिवळे. कुसळी पिकली की मोजे आणि पायघोळ कुसळांनी भरतात, ती काढायला वेगळी संध्याकाळ लागते. तिरप्या उन्हात कुसळे चमकतात आणि घोडीचे पाय त्यांत बुडालेले दिसतात. काळी घोडी चौकट भरून असली तर कॅमेऱ्याचे मोजमाप तिला राखाडी करून टाकते, तेव्हा एक्स्पोजर हाताने उतरवावे लागते. पांढऱ्या तट्टाचे उलटे : मागे गर्द रान असेल तर कॅमेरा रानासाठी उजेड वाढवतो आणि तट्टू नुसते पांढरे भगदाड होऊन बसते. संग्रहातल्या पांढऱ्या शिंगराच्या चित्रात त्याच्या अंगावरची धूळसुद्धा दिसते, ती अशी सांभाळून घेतलेली आहे.

आणि चौकटीत घोडीबरोबर कोण कोण येते तेही पाहावे. कोतवाल तिच्या पाठीवर बसून गवतातून उडणारे किडे टिपतो. गायबगळे खुरांमागून चालतात. थंडीत भोवत्या गवतावरून खाली-खाली तरंगत जातो. एका चित्रात कळपाच्या मागे, बऱ्याच अंतरावर रोही उभा आहे. पहिल्या नजरेत तोही घोडाच वाटतो. लांडग्याचे एकच चित्र आहे आणि ते धूसर आहे. मी ते वगळा म्हणालो होतो. मित्राने ऐकले नाही, आणि आता छापील पान पाहताना वाटते, राहू दिले ते बरे झाले. लांडगा या माळाचा जुना रहिवासी. धनगर त्याला शिव्या देतो आणि त्याचा हिशेबही धरतो.

*

संग्रहाच्या मधोमध समोरासमोर छापलेली दोन चित्रे आहेत. घोडी एकच, जागा तीच, दोन चित्रांत काही मिनिटांचे अंतर. डावीकडचे चित्र लांब लेन्सने, गवताच्या पातळीवरून घेतलेले : मान वळवून पाहणारी तपकिरी घोडी, वाऱ्यावर आयाळ, मागे विरघळलेली डोंगरकड. कॅलेंडरवर शोभेल असे. उजवीकडचे चित्र थोडे वरून, रुंद लेन्सने. आता तिच्या पुढच्या पायांतला दोर दिसतो. पाठीवर पांढऱ्या केसांचे दोन पट्टे दिसतात. डावीकडे ते जातिवंत रंगासारखे भासले होते. ते खोगिराखाली फुटलेल्या आणि भरून आलेल्या जखमांवर उगवलेले केस आहेत. चौकटीच्या कोपऱ्यात निळी ताडपत्री, वाघूर, धूर.

दोन्ही चित्रे खरी आहेत. डावीकडच्यात काही पुसलेले नाही, काही जोडलेले नाही. लेन्स आणि उभे राहण्याची जागा एवढ्यानेच धनगर नाहीसा झाला. निसर्गछायाचित्रणात हे रोज घडते : तार, खांब, प्लास्टिक, माणूस चुकवून आपण 'निसर्ग' काढतो. वाघाच्या बाबतीत ते चालून जाते. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तो प्रसिद्ध वाघ शेते, रस्ते, नद्या ओलांडत २०१९ च्या डिसेंबरात ज्ञानगंगेच्या रानात पोहोचला, तो कुणाच्या मालकीचा नव्हता. गळ्यात पट्टा असला तरी तो वाटेचा माग ठेवण्यापुरता. घोडीचे तसे नाही. तिच्या चित्रातून मालक काढला तर तिचे इथे असणेच अनाकलनीय होते. ती या डोंगरावर आहे ती मेंढ्यांमुळे, मेंढ्या आहेत त्या गवतामुळे आणि शेतकऱ्याच्या खताच्या गरजेमुळे. जे मोकळेपण आपल्याला भावते ते या व्यवहाराने तिला दिलेले आहे.

हा व्यवहार आता आटत चालला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातली घोडे-तट्टांची संख्या सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ च्या तुलनेत ती जवळजवळ ४५ टक्क्यांनी घसरली होती. सात वर्षांत निम्म्याच्या आसपास जनावर कमी होणे ही घसरण कुठल्याही पाळीव प्राण्याच्या बाबतीत धास्ती वाटावी अशी आहे. बुलढाण्याच्या रस्त्यांवर त्याचे कारण डोळ्यांनी दिसते. वाड्याचे सामान आता 'छोटा हत्ती' टेम्पोतून जाते. घोड्याची जागा हत्तीने घेतली, अशी चेष्टा धनगरच करतात. ज्यांचे मुक्काम डांबरी रस्त्याला धरून आहेत त्यांना टेम्पो परवडतो. ज्यांना अजून आडवाटेने डोंगर चढायचा आहे ते घोडी ठेवून आहेत. शेतात फवारणी वाढल्याने मेंढ्या दगावतात, म्हणून शेते टाळावी लागतात. गायराने अतिक्रमणांनी आणि प्रकल्पांनी आक्रसली.

वनखात्याचा प्रश्न नाजूक आहे. बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधले ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. तिकडे सातपुड्यात अंबाबरवा. अस्वल, बिबट्या, तडस यांना हे रान हवेच, आणि अभयारण्यात चराईवर नियंत्रण असणे कायद्याला धरून आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा या रानातूनच जात होत्या, आणि त्या बंद झाल्यावर कळप जातो कुठे, याचे उत्तर कुणी शोधून ठेवलेले नाही. मेंढपाळ आणि वनरक्षक यांच्यात दर पावसाळ्यात खटके उडतात. मी दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोललो आहे. दोघेही जे सांगतात ते आपापल्या जागी बरोबर असते. गवताळ माळ मोकळा राहायला चराई लागते, अति चराईने तो मरतो, आणि या दोन्हींच्या मधली रेघ कुठे हे ठरवण्यासाठी माळावर येऊन बसावे लागते. कार्यालयात ते ठरत नाही. या संग्रहातले एकही चित्र अभयारण्याच्या हद्दीत घेतलेले नाही, एवढे नोंदवून ठेवतो; म्हणजे कुणा मेंढपाळाला या पुस्तकापायी दंड व्हायचा नाही.

*

शेवटचा विभाग बिऱ्हाड हलण्याच्या दिवसाचा आहे. रंग कमी, गर्दी जास्त, चौकटी तिरक्या. पुरुष पहाटेच मेंढ्या हाकत पुढे गेलेले आहेत, म्हणून या चित्रांत बहुतेक बायका दिसतात. धनगरांच्या भटकंतीत वाडा मोडणे, घोडी लादणे आणि पुढच्या मुक्कामापर्यंत नेणे हे बायकांचे काम. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या बिरोबा-म्हसकोबा-खंडोबा या दैवतांवर आयुष्य घातले. त्यांच्या अभ्यासामुळे या लोकांचे देव ग्रंथात आले. घोडी लादण्याचे कसब अजून ग्रंथात यायचे आहे. ओझे दोन्ही बाजूंना सारखे बसले नाही तर चढणीला खोगीर फिरते आणि पाठ फुटते. म्हणून एक जण डावीकडून, एक जण उजवीकडून, एकमेकींकडे न बघता, हाताच्या अंदाजाने वजन जुळवत जातात. घोडी पोट फुगवून धरते, तिला ठाऊक असते की पट्टा आवळला जाणार. बाई थांबते, घोडीने श्वास सोडला की एका झटक्यात आवळते. ही हातचलाखी टिपणारी तीन चित्रे सलग आहेत. त्यांच्यापुढे चौथे आहे ते पुढच्या मुक्कामावरचे : ओझे उतरताक्षणी चारही पाय वर करून धुळीत लोळणारी तीच घोडी.

छायाचित्रांखालच्या मथळ्यांत ठिकाण तालुक्यापर्यंतच दिले आहे आणि माणसांची नावे दिलेली नाहीत. काहींना ती नको होती. ज्यांना चालली असती त्यांचीही वगळली, कारण एकाचे नाव आणि दुसऱ्याचे नाही असे झाले तर वाड्यावर वाद होतो. घोड्यांची नावे मात्र मालकांनी सांगितली तशी छापली आहेत : चांदी, सरजी, मैना. तीन वेगवेगळ्या कुटुंबांच्या तीन घोड्यांचे नाव मैना आहे, त्यात छपाईची चूक नाही.

पुस्तकाच्या क्रमाबद्दल माझे आणि मित्राचे एकमत झाले नाही. त्याने माळापासून सुरुवात करून बिऱ्हाडापाशी शेवट केला आहे, कारण त्याला घोडी त्याच क्रमाने भेटली. माझ्या हातात असते तर लादण्याची चित्रे मी सर्वांत आधी ठेवली असती. माळावरची घोडी त्यानंतर पाहिली की तिच्या पाठीवरचे पांढरे केस आपोआप दिसतात. वाचकाने हवे तर मागून पुढे यावे. पुस्तकाची बांधणी तशीही सपाट उघडणारी आहे, कुठूनही सुरू करायला हरकत नाही.